मेंदूचा आजार खरा, पण मुदत त्याच्यासाठी थांबत नाही

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात (त्याला मेनिया म्हणतात) तर कधी खोल उदासीत जातं. नोव्हेंबर 2023 मध्ये मेनियाच्या भरात त्याने बेसा भागातला स्वतःच्या कमाईचा प्लॉट निम्म्या भावात विकला. रजिस्ट्रीनंतर नवव्या दिवशी त्याला भरती करावं लागलं. जानेवारी 2024 मध्ये बरा होऊन तो कामावर गेला. 2025 मध्ये पुन्हा चार महिने आजारी होता, आता ठीक आहे. डॉक्टर म्हणतात हा मेंदूचा जैविक आजार आहे. आमच्या आईलाही होता. मग त्याची सही मुळातच रद्द नाही का? आणि आजारपणाचे महिने मुदतीतून वजा होतात ना? खरेदीदार अजून ‘बसून मिटवू’ म्हणतोय. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, अशी पत्रं मला सारखी येतात. कधी प्लॉट असतो, कधी दुकान, कधी आईचे दागिने. भाव निम्मा होता, समोरच्याने संधी साधली, हे सगळं तुमचा वकील दाव्यात लिहीलच. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते मुदतीवर.

विक्रीपत्र रद्द करून घ्यायला मुदतीच्या कायद्याच्या, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्टच्या अनुच्छेद 59 प्रमाणे तीन वर्षं मिळतात. कलम 6 सांगतं की मुदत सुरू होताना माणसाचं मन ठिकाणावर नसेल, तर ती तो बरा झाल्यावर सुरू होते. इथपर्यंत तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. कलम 9 मात्र सांगितलेलं दिसत नाही. मुदत एकदा चालू झाली की नंतरचं आजारपण तिला अडवत नाही. भाऊ जानेवारी 2024 मध्ये बरा झाला आणि कामावर गेला. फार तर तेव्हापासून मुदत चालू झाली. 2025 चे चार महिने वजा होणार नाहीत, एक दिवसही नाही.

आणि जानेवारी 2027 पर्यंत वेळ आहे असंही धरू नका. कलम 6 चा फायदा घ्यायला रजिस्ट्रीच्या दिवशी त्याचं मन ठिकाणावर नव्हतं हे आधी सिद्ध करावं लागेल, आणि मूळ वादही तोच आहे. तिथे कमी पडलात तर मुदतही गेलेली असेल. म्हणून रजिस्ट्रीच्या तारखेपासून मोजा आणि नोव्हेंबर 2026 च्या आत दावा दाखल करा. कुणी म्हणेल, व्यवहार मुळातच शून्य आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी झालाच नाही, आणि ताब्यासाठी बारा वर्षं मिळतात. हा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. खरेदीदाराच्या ‘बसून मिटवू’मध्ये तुम्ही अडीच वर्षं घालवलीत. त्याला मिटवायचं नव्हतं, कॅलेंडर उलटायचं होतं.

आता मेंदूचं. डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 60 ते 80 टक्के दिसतो. 2021 च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आजाराशी जोडलेल्या डीएनएमधल्या 64 जागा सापडल्या, त्यांतल्या काही मेंदूच्या पेशींत कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिन्यांच्या जनुकांजवळ. पण एकेका जागेचा परिणाम अगदी बारीक आहे. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये बायपोलर ‘दिसतो’ अशी चाचणी आजही नाही. उद्या निघाली तरी ती आजार आहे एवढंच सांगेल. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी रजिस्ट्री करणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर भाऊ कोणत्या अवस्थेत होता, हे सांगणार नाही.

कायदा विचारतो ते हेच. करार कायदा 1872 च्या कलम 12 प्रमाणे, एरवी शुद्धीवर असणारा पण अधूनमधून नसणारा माणूस, नसेल त्या काळात करार करू शकत नाही. त्याच कलमाच्या उदाहरणात वेड्यांच्या इस्पितळातला रुग्णही मधल्या ठीक काळात करार करू शकतो असं लिहिलंय. दीडशे वर्षांपूर्वीचं हे कलम झटक्यांनी येणाऱ्या आजाराला तुमच्या युक्तिवादापेक्षा बरं समजतं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 3(5) स्पष्ट आहे : नुसत्या निदानावरून कुणाचं मन ठिकाणावर नाही असं मानता येत नाही. आणि ‘मेंदूच आजारी आहे, म्हणजे सही कायमची रद्द’ असं म्हणालात, तर वकीलपत्रावर सही कोण करणार? प्लॉट त्याचा, वादी तोच. आज तो ठीक आहे, तर त्यालाच सही करू द्या.

आईच्या आजाराला दाव्यात एक ओळ पुरे. त्या पंधरवड्याचा पुरावा मात्र जितका मिळेल तितका जमवा. मेनियातला माणूस बघणाऱ्याला आजारी वाटत नाही, उलट उत्साही आणि हुशार वाटतो. विक्रीपत्राच्या मागे ‘दस्त गोषवारा’ असतो, त्यावर भावाचा फोटो, अंगठा आणि शिक्क्यांच्या वेळा छापलेल्या असतात. फोटोत तो हसतोय, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला दाखवेल. त्याला उत्तर भरतीच्या केस पेपरमध्ये आहे : किती दिवसांपासून झोप नाही, खर्च किती, गोळ्या कधी सोडल्या. वाद उभा राहण्याआधी डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या चार ओळींना नंतर मिळवलेल्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त वजन आहे. भाऊ लिथियम या औषधावर असेल तर भरतीच्या वेळचा लिथियम लेव्हलचा रिपोर्ट शोधा. शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी घेतलेल्या रक्तात पातळी 0.6 ते 1.0 mmol/L च्या आसपास हवी. ती नगण्य असेल तर गोळ्या बंद होत्या हे कागदावर येतं. त्यावरून मेनिया सिद्ध होत नाही, पण केस पेपरला जोड मिळते. रात्री दोन-तीनचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि बँकेचं स्टेटमेंटही ठेवा.

हे कागद आजच लेखी मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं. म्हणजे तुमची मुदत आणि दवाखान्याची रद्दी जवळपास एकाच वेळी निघणार आहे. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात डॉक्टरांची साक्ष होईपर्यंत किती वर्षं जातील, हे मी सांगत नाही. तोवर डॉक्टरांना भाऊ आठवेल की नाही कुणास ठाऊक, कागद असलेला बरा.

निकालाचा शब्द मी देणार नाही. विक्रीपत्र रद्द झालं तर मिळालेली रक्कम परत करायला कोर्ट सांगू शकतं, तिचा हिशोब ठेवा. खरेदीदाराने पुढे केलेल्या कुठल्याही समजुतीच्या कागदावर भावाची सही होऊ देऊ नका. आणि वकिलाकडे जायच्या आधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या प्लॉटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून पाहा. खरेदीदाराने तो पुढे विकला असेल, तर नव्या मालकालाही पहिल्याच दिवशी प्रतिवादी करावं लागेल.