मालदीव नक्की कोणाच्या बाजूने आहे, भारताच्या की चीनच्या?

तुमचा प्रश्न असा, की ‘इंडिया आउट’च्या, म्हणजे भारतीय सैनिकांना देशाबाहेर काढा या मोहिमेच्या, लाटेवर निवडून आलेले मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू वर्षाच्या आत दिल्लीत मोदींच्या शपथविधीला कसे काय बसले? मग हा देश आपला की चीनचा?

माझ्या मते दोघांचाही नाही. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो. एका जागी खिळून राहिला, तो बाद. मालदीव तेच खेळतोय, फक्त ‘तळ्यात’ की ‘मळ्यात’ हे ओरडणाराही तोच आहे.

‘इंडिया आउट’ मुळात मुइझ्झूंचं नव्हतंच. ती मोहीम माजी अध्यक्ष यामीन यांची. भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाल्यामुळे त्यांना २०२३ ची निवडणूक लढवता आली नाही, म्हणून मुइझ्झू पुढे आले. हे गृहस्थ यामीन सरकारात गृहनिर्माण आणि पायाभूत सुविधांचे मंत्री होते. राजधानी माले आणि विमानतळाचं बेट जोडणारा चिनी पैशाचा सिनामाले पूल त्यांच्याच कारकिर्दीत बांधला गेला, २०१८ साली खुला झाला. मधल्या काळात सोलिह अध्यक्ष झाले, त्यांनी ‘इंडिया फर्स्ट’ म्हटलं आणि भारताकडून ५० कोटी डॉलरचा, पावणेसात किलोमीटरचा दुसरा पूल पदरात पाडून घेतला. त्याचं कंत्राट मुंबईच्या अॅफकॉन्सला मिळालं. मुइझ्झूंनी तो पूल रद्द केला का? नाही. तिथे असलेल्या आपल्या भारतीय सैनिकांना मात्र मे २०२४ पर्यंत परत पाठवलं. पण त्यातली गंमत बघा. ते सगळे मिळून ऐंशीच्या आसपास, आणि त्यांचं मुख्य काम दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवणं, म्हणजे बऱ्याचदा दूरच्या बेटावरच्या पेशंटला मालेच्या हॉस्पिटलात आणणं. गणवेशातली माणसं गेली, त्यांच्या जागी भारताचेच बिगरलष्करी तंत्रज्ञ आले. हेलिकॉप्टरं तिथेच राहिली. मतदाराला दिलेला शब्द पाळला आणि पेशंटची सोयही मोडली नाही.

चीनच्या बाबतीतही तेच. जानेवारी २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीच्या आधी बीजिंगला गेले, करारांची थप्पी घेऊन आले. पण तिजोरी रिकामी व्हायला लागली तेव्हा मालदीव सरकारच्या ५-५ कोटी डॉलरच्या रोख्यांना, म्हणजे उसन्या घेतलेल्या पैशांना, मुदतवाढ दिली ती आपल्या स्टेट बँकेमार्फत भारताने, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदल, म्हणजे गरजेला भारताकडून परकीय चलन उचलायची सोय. आणि एवढं पदरात पडल्यावर, १ जानेवारी २०२५ पासून यामीन यांच्या काळात सही झालेला चीनबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू केला! त्याच वर्षी जुलैमध्ये स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे कोण? मोदी.

याला कृतघ्नपणा म्हणणारे आपल्याकडे खूप आहेत. १९८८ चं बंड आपल्या सैन्याने मोडून काढलं, २०१४ मध्ये मालेचा पाणी शुद्धीकरण प्रकल्प जळाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी आपली विमानं पिण्याचं पाणी घेऊन उतरली, हे सगळं खरं आहे. पण पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाने उपकार मोजत बसावं, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या माणसाला भाव मिळत नाही, हे कांदा पिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कांद्यावरून आठवलं. मी लासलगावकडचा. डिसेंबर २०२३ पासून कांद्याला निर्यातबंदी होती, आमच्याकडे भाव पडले होते, लोक चिडलेले होते. त्याच बंदीच्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, भारताने मालदीवसाठी सुमारे ३५,७०० टन कांद्याचा खास कोटा मंजूर केला, शिवाय अंडी, बटाटे, तांदूळ, साखर वगैरे. जीवनावश्यक वस्तूंचा हा करार १९८१ पासूनचा, आणि त्यातला आजवरचा सर्वांत मोठा कोटा म्हणे हाच. तोही नेमका कधी? आपले सैनिक तिथून सामान बांधत होते तेव्हा.