चाळीच्या दाराच्या सागवानाचं धनुष्य होईल का?

प्रश्न : दादा, जूनच्या वादळात आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराची मोठी फांदी पडली, सरळ आहे, सहा-सात फूट सहज भरेल, म्हणून टेरेसवर नेऊन ठेवलीय. शिवाय गिरगावातली मामाची चाळ पाडली तेव्हा दाराच्या सागवानी चौकटीचा एक उभा बाही मिळाला. दोन्हीपैकी कशाचं पारंपरिक धनुष्य करू? आणि परांचीचे जुने बांबू फुकट मिळतात, ते चालतील का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : गुलमोहर सोडून द्या, मनापासून सांगतोय. लाकूड मऊ आणि ठिसूळ, त्यात वाऱ्याने वाकून मोडलेली फांदी, अशा लाकडात आतून आडव्या बारीक चिरा पडलेल्या असू शकतात, रंधा मारला की केसासारख्या सुरकुत्या दिसतात, आणि दोरी ओढली की नेमकं तिथंच दुमडतं. झाड कुठलं हे बघताच ना, पण ते का पडलं हेही बघत जा. बुंधा कुजून पडलेल्या झाडाची वरची फांदी धडधाकट निघू शकते, वाऱ्याने पिळून मोडलेली सहसा नाही.

चौकट मात्र जपून ठेवा, ते लाकूड पन्नास-साठ वर्षं घरात वाळलंय आणि मुंबईत ओलं लाकूड नीट वाळवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, कारण खिळ्याचं भोक म्हणजे तयार चीर. मग एक बाजू रंधून उजेडात धरा, सागवानात छिद्रांच्या बारीक काळसर रेघा दिसतात, तेच त्याचे धागे. त्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीबरोबर धावल्या पाहिजेत, मधेच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर ती पट्टी कितीही देखणी असली तरी धनुष्यासाठी नाही, दुसरी शोधा. ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये जुनं सागवान मिळतं, तिथंही हेच बघून घ्या.

सागवान एकटं ताण सोसेल याची खात्री मी देणार नाही. म्हणून पाठीला, म्हणजे धनुष्याची जी बाजू निशाण्याकडे असते तिला, तीनेक मिलिमीटर जाडीची बांबूची पट्टी चिकटवा, सालीची बाजू बाहेर ठेवून. तो ताण बांबू सोसतो, सागवान पोटाकडचा, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूचा, दाब सोसतं. अठ्ठावीस इंच ओढायचं असेल तर सहा फूट लांबी ठेवा आणि बाहूंची, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या दोन वाकणाऱ्या भागांची, रुंदी दोनेक इंच. कानस आणि पटाशी फक्त पोटाकडून चालवायची, पाठीला हातही लावायचा नाही. थोडं तासायचं, वीस-तीस वेळा हलकेच ओढायचं, दोन्ही बाहू सारखे वाकतात का बघायचं, परत तासायचं. घाई केलीत तर हे लाकूड वाया जाईल, आणि तशी चौकट परत मिळत नाही.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका! माझं पहिलं धनुष्य मी जुलैत तासलं होतं, हवेतला सगळा ओलावा लाकडात होता, दोरी उतरवल्यावरही ते वाकलेलंच राहिलं, बाक धरला म्हणतात तसं. डिसेंबर-जानेवारीत करा. ओली फांदी कधी मिळाली तर त्याच दिवशी दोन्ही टोकांना फेविकॉल लावा, साल काढा नाहीतर घुण लागतो, पाचर मारून उभी चिरा, आणि दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की वाळली.

परांचीच्या बांबूंचं सांगतो. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेले, दोरखंडाने घासलेले, मधे तडे गेलेले, त्यांचा मोह नको. गणपतीच्या मांडवाचे सुटलेले बांबू बघा, पण नवे आणलेले असले तरच, आणि मंडळाला विचारून. जाड सालीचा, माणवेलसारखा भरीव मिळाला तर फारच छान. भिल्लांची धनुष्यं बांबूचीच असतात, त्यांची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असते, तेव्हा बांबू म्हणजे दुय्यम असं मुळीच समजू नका. धामणीचं लाकूडही धनुष्यासाठी नावाजलेलं, संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, पण त्यासाठी नॅशनल पार्कात शिरू नका, तिथून वाळकी काडीही उचलायची नाही. शहरातलं झाड किंवा फांदी तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, त्यामुळे पडलेलंच घ्या आणि तेही सोसायटीला किंवा उद्यान विभागाला विचारून.

चौकटीच्या रेघा तपासल्यात की फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा, उन्हात काढलेला.