गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून लाईट देताना लघवीची पिशवी आणि गुदाशय कसे वाचवतात?

आईंची बाहेरची लाईट, म्हणजे रेडिएशन, संपत आली, आता आतून द्यायची आहे, तर शेजारची लघवीची पिशवी आणि गुदाशय भाजणार नाहीत का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. हा डोस आखणं हेच माझं रोजचं काम.

भीती रास्त आहे. गर्भाशयमुखाच्या पुढे पिशवी, मागे गुदाशय, मध्ये जेमतेम जागा. पण आतून लाईट देणारा इरिडियमचा जो छोटा किरणोत्सर्गी स्रोत असतो, त्यापासून अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथ्या हिश्शावर येतो. गुदाशय अर्धा सेंटीमीटर मागे सरकला तरी माझ्या स्क्रीनवर आकडा लगेच उतरतो.

म्हणूनच सगळ्यात मोठा बचाव टेबलावर होतो. भूल देऊन गर्भाशयात एक बारीक नळी आणि मुखाच्या दोन्ही बाजूंना ओव्हॉइड (स्रोत जाण्यासाठीचे अंडाकृती पोकळ तुकडे) किंवा एक रिंग बसवतात. मग डॉक्टर गॉजची लांब पट्टी चिमट्याने थोडी थोडी करून योनीत पुढे आणि मागे भरत जातात. त्याने पिशवी पुढे सरकते, गुदाशय मागे जातो आणि नळ्या जागच्या हलत नाहीत. हीच पट्टी ओव्हॉइडच्या वर, मुखाकडे गेली तर उलट गाठच लांब पडते, म्हणून हे काम घाईत करायचं नसतं. ढिल्या पॅकिंगची भरपाई कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

त्यानंतर सीटी किंवा एमआरआय. त्यावर प्रत्येक अवयव रेखाटून, त्यातल्या सर्वाधिक डोस मिळणाऱ्या 2 घन सेंटीमीटर भागाला किती जातंय ते पाहतो. बाहेरची लाईट धरून, दोन्हींचा परिणाम एका मापात आणून, गाठीला 85 ग्रेच्या (ग्रे हे डोसचं एकक) वर हवेत, पिशवी 90 च्या आत, गुदाशय आणि सिग्मॉइड (गुदाशयाच्या वरचा मोठ्या आतड्याचा भाग) 75 च्या आत, आणि जमेल तितकं त्याहूनही खाली. स्रोत नळीत कुठे किती सेकंद थांबेल ते बदलत हे जुळवायचं. जास्त दमवतं ते सिग्मॉइड. कधी ते गर्भाशयाच्या टोकाला टेकलेलं दिसतं, मग नळीच्या टोकाकडचे सेकंद कमी करावे लागतात.

तुमच्याकडून काय? आदल्या दिवशी विभाग सांगेल तसंच हलकं जेवण आणि एनिमा. गुदाशयात गॅस किंवा मळ साठला तर तो फुगून स्रोताकडे येतो. नळ्या निघेपर्यंत आईंनी कंबर-पाय हलवायचे नाहीत. दुखत असेल तर सोसत बसू नये, सांगावं, औषध मिळतं. दर वेळी नवा स्कॅन होणार का, हे जरूर विचारा. आणि तारखा चुकवू नका, बाहेरचं-आतलं मिळून सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं.

इतकं करूनही काहींना पुढे त्रास होतो. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनीही शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसलं, तर आधी रेडिएशन विभागात या. दुसरीकडे दुर्बिणीने तपासणी ठरली, तर तिथल्या डॉक्टरांना आतून लाईट घेतल्याचं आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासायला घेतला तर तिथली जखम सहजी भरत नाही, कधी योनीपर्यंत भोक पडतं.