अहवाल कोणाचा, सही कोणाची?

हिशेबाच्या गोष्टी : वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त लेखाधिकाऱ्याची उत्तरं

प्रश्न : पेपरात सारखं वाचतो, अमुक खात्याने ‘नामांकित आंतरराष्ट्रीय सल्लागार’ नेमला. नावं फिरून फिरून तीच : डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी, नाहीतर मॅकिन्से. आमचे जावई म्हणतात, गरीब देशांची धोरणं हेच लोक ठरवतात. कितपत खरं? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जावईबापूंचं निम्मं बरोबर आहे. सही मंत्र्यांची किंवा आयुक्तांचीच असते. पण सहीला आलेला कागद लिहिला कुणी, ते पाहायला हवं.

दिल्लीचं प्रकरण बघा. जागतिक बँकेच्या कर्जातून तिथल्या जल बोर्डाची सुधारणा करायची होती, त्यासाठी सल्लागार निवडायचा होता. 2005 मध्ये ‘परिवर्तन’ संस्थेने माहिती अधिकारात फायली बाहेर काढल्या. (अरविंद केजरीवाल तेव्हा राजकारणात नव्हते, या कामात होते.) पहिल्या छाननीत पीडब्ल्यूसी वरच्या सहांत बसत नव्हती. बँकेने हरकती घेतल्या, फेरमूल्यांकनं झाली, आणि काम शेवटी तिलाच गेलं. बोभाटा झाल्यावर दिल्ली सरकारने त्याच वर्षी कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला. कर्ज देणारा अटी घालतो, अटी पुऱ्या करायला सल्लागार लागतो, आणि अनुभवाचे निकष असे असतात की चारदोन मोठ्या नावांखेरीज कुणी पात्रच ठरत नाही. देश गरीब असला की हरकत घेणाराही दबकत बोलतो.

दक्षिण आफ्रिकेत याहून वाईट झालं. तिथलं करवसुली खातं, ‘सार्स’, चांगलं नावाजलेलं होतं. बेन अँड कंपनी या अमेरिकन सल्लागार फर्मच्या सल्ल्याने त्याची पुनर्रचना झाली. जाणते अधिकारी बाजूला पडले आणि खातं खिळखिळं झालं. 2018 मध्ये चौकशीसाठी नेमलेल्या न्यूजंट आयोगाने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. त्याच खात्यातल्या तपास पथकाला दोषी धरणारा केपीएमजीचा अहवाल होता, त्याचे निष्कर्ष कंपनीने 2017 मध्ये स्वतःच मागे घेतले आणि 2 कोटी 30 लाख रँड (तिथलं चलन) फी परत द्यायची तयारी दाखवली. तिथल्या सरकारी वीज कंपनीच्या, एस्कॉमच्या, कामातले सुमारे 1 अब्ज रँड परत करायला मॅकिन्से राजी झाली. पैसे परत येतात हो. पांगलेली माणसं कशी परत आणणार?

हे आफ्रिकेचं झालं, आपलंही सांगतो. 2005 च्या डिसेंबरात शहरांच्या सुधारणेसाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. केंद्राचा निधी हवा तर महापालिकांनी उपार्जन तत्त्वावर (पैसे हातात येण्या-जाण्याची वाट न बघता येणं-देणं नोंदवायचं) दुहेरी नोंद पद्धत आणायची, ही अट. अट चांगलीच होती. जुन्या पद्धतीत आलेले-गेलेले पैसे कळत, डोक्यावर देणं किती ते कळत नसे. मी तेव्हा या पट्ट्यातल्याच एका महापालिकेच्या लेखा विभागात होतो. सल्लागार फर्मची मुलं आली. हुशार, अदबशीर, कडक इस्त्रीतली. सुरुवातीचा ताळेबंद मांडायचा तर प्रत्येक मालमत्तेची तारीख आणि किंमत हवी. एक्सेलचे रकाने त्यांच्याकडे तयार होते, रकान्यांत भरायचं ते मात्र आमच्या जडवस्तू नोंदवहीत, वाळवी लागलेल्या मोजमाप पुस्तकांत आणि पाणी खात्यातल्या एका व्हॉल्व्हमनच्या डोक्यात होतं. तो त्यांना घेऊन गल्लोगल्ली फिरला. झाकणं उघडून दाखवली : ही शिशाच्या सांध्याची जुनी लाईन, ही नंतर बदललेली, हा व्हॉल्व्ह नकाशात आहे पण जमिनीत नाही. अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखांसह आला. त्या व्हॉल्व्हमनचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

बरं, ते सोडा. आमच्या लिपिकांना शिकवायचं हेही करारात होतं. ते शेवटी शेवटी, मार्चअखेरच्या देयकांच्या गर्दीत उरकलं गेलं. लिपिक सह्या करून आपापल्या टेबलावर परतले. मुदत संपली आणि ताळेबंद जुळवता येणारं कार्यालयात कुणी उरलं नाही. मग स्थायी समितीपुढे मुदतवाढीचा प्रस्ताव. पुढच्या वर्षी पुन्हा तोच, नुसती तारीख बदलून. सल्लागार वाईट होता असं मी म्हणणार नाही. आपला माणूस तयार होऊ नये, अशी सोय आपणच करून ठेवली होती.

तुम्ही राहता त्या नवी मुंबईकडे बघा. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या मुंबईतल्याच तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं. पटेल तिथे नियोजन आणि बांधकामाचे संचालक झाले आणि आराखडा सिडकोत बसून आखला गेला. त्या शहराबद्दल तक्रारी आहेत, प्रकल्पग्रस्तांना विचारा. पण जाब विचारायचा तर बेलापूरला जाऊन विचारता येत होता.

आता काय करायचं म्हणाल, तर पुढच्या वेळी माहिती अधिकारात करारनामा मागवा आणि फी कशी ठरली ते वाचा. प्रकल्पखर्चाच्या टक्क्यात असेल तर सल्लागार तुम्हाला लहान टाकी कशाला सुचवेल? आणि निविदेच्या अटी लिहिणारा, काम तपासणारा, देयकाची शिफारस करणारा एकच आहे का, तेही बघा.

प्रश्न : डेलॉइट, पीडब्ल्यूसीसारख्या सल्लागार कंपन्या हिशेबही तपासतात, पण त्या परदेशी आहेत, मग आपल्याकडच्या ताळेबंदावर सही कुणाची चालते? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : सही इथल्या सनदी लेखापालाची. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याने परदेशी फर्मला थेट लेखापरीक्षण करता येत नाही, म्हणून जाळ्यातल्या भारतीय फर्म असतात : ईवायच्या जाळ्यात एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीच्या जाळ्यात बीएसआर. नाव मिरवायचं तेव्हा जागतिक, जबाबदारी आली की ‘ती स्वतंत्र फर्म आहे’. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या संगणक कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. लेखापरीक्षक होते पीडब्ल्यूसीच्या जाळ्यातले प्राइस वॉटरहाउस. बँकेतली शिल्लक तपासणं हा लेखापरीक्षणाचा श्रीगणेशा. तिथे गाडी अडली. 2018 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने त्या जाळ्यातल्या फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली, ती अपिलात 2019 मध्ये उठली. 2013 च्या कंपनी कायद्याने मात्र चांगलं काम केलं : शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांत एका ऑडिट फर्मला सलग दहा वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि जिचं ऑडिट करता तिला व्यवस्थापनाचा सल्लाही विकायचा हे बंद.

प्रश्न : मुलगी सीए इंटर पास झाली. आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या मोठ्या चारांपैकी एकीत करावी की नौपाड्यातल्या ओळखीच्या लहान फर्ममध्ये? (एक आई, कळवा)

उत्तर : ताई, आता आर्टिकलशिप दोनच वर्षांची आहे, तेव्हा नीट विचार करा. मोठ्या फर्ममध्ये शिस्त आणि कामाचे कागद कसे ठेवायचे ते उत्तम शिकेल, विद्यावेतनही बरं मिळेल. पण एखाद्या अवाढव्य कंपनीची स्थिर मालमत्ताच महिनोन्‌महिने तपासत बसण्याची शक्यता आहे. नौपाड्यात व्हाउचरपासून जीएसटीपर्यंत सगळं हाताखालून जाईल आणि एप्रिल उजाडला की बँकेच्या शाखेच्या ऑडिटला जावं लागेल. माझं मत विचाराल तर आधी नौपाडा. मोठीत नोकरीला पास झाल्यावर जाता येतं. फक्त त्या ओळखीच्या फर्ममध्ये परीक्षेची रजा वेळेवर देतात का, ते सध्याच्या आर्टिकल्सना विचारा, साहेबांना नव्हे.