आलेख पाहिले, पण लक्षात काय राहिलं?

प्रश्न : बारा विहिरींच्या दहा वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदींवरून मी 22 चौकटींची डिजिटल चित्रकथा केली. आलेख, फोटो, निवेदन, संगीत, सगळं आहे. बघणारे ‘छान’ म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी कुणालाच काही सांगता येत नाही. चुकतंय कुठं?

उत्तर : बहुधा वगळण्यात. सगळ्या नोंदी चित्रांत भरल्या, तर ओझं तेवढंच राहतं. आधी एकच प्रश्न लिहून काढा : ‘पाऊस नेहमीइतका पडूनही काही विहिरी लवकर का आटतात?’ त्याच्याशी संबंध नसलेला आलेख कितीही मेहनतीचा असला तरी परिशिष्टात टाका. जीव तुटतो, पण टाकाच.

बारा विहिरींच्या बारा रंगीत रेघा एकत्र दिल्या, की नजर रेघ आणि रंगसूची यांच्यात हेलपाटे घालते आणि तोवर मुद्दा निसटतो. एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं. म्हणून अकरा रेघा फिकट करड्या ठेवा, एकच गडद करा आणि विहिरीचं नाव रेघेच्या टोकाशीच लिहा. पुढच्या चौकटीत दुसरी रेघ गडद. अक्षाचं माप मात्र तेच. माप बदललं तर नसलेली उडी दिसते. पातळी जमिनीपासूनच्या खोलीत मोजली असेल, तर शून्य वर घ्या. नाहीतर पाणी खाली जातं, रेघ वर चढते आणि बघणाऱ्याला वाटतं, पाणी वाढलं!

पडद्यावरचा मजकूर निवेदनात जसाच्या तसा वाचू नका. डोळे आणि कान एकाच वाक्यामागे लागतात, चित्र तसंच राहतं. पडद्यावर तीन-चार शब्द पुरे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उपशीर्षकं चालू-बंद करायची सोय ठेवा. निवेदनाखालचं संगीत काढा.

खरी समज अंदाज बांधण्यातून येते. म्हणून आधी कोरे अक्ष दाखवून विचारा, ‘रेघ कशी जाईल?’ दहा सेकंद थांबा, मगच खरी रेघ काढा. चुकलेला अंदाज माणूस सहसा विसरत नाही.

सरासरीवर विसंबू नका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अॅन्सकोम्ब यांनी 1973 मध्ये प्रत्येकी 11 बिंदूंचे चार संच दिले होते. सरासरी आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात त्याचं माप) जवळपास सारखे, चित्रं मात्र चार तऱ्हांची. आधी सुटे बिंदू दाखवा. आणि उपसा वाढला तेव्हाच पातळी घसरली, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. कथा जितकी ओघवती, तितकं हे झाकलं जातं. म्हणून कथेशी न जुळणारी एखादी विहीर मुद्दाम दाखवा.

प्रश्न : वर्तुळालेख ठेवू की स्तंभालेख?

उत्तर : तुलना करायची असेल तर स्तंभच. कोनापेक्षा लांबीतला फरक अचूक कळतो. फक्त स्तंभ शून्यापासून सुरू करा. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना ते दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत.