न्यूट्रॉन आले, पण कुठून?

प्रश्न : मी लातूरला बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिंच पद्धतीच्या फ्युजन प्रयोगांत न्यूट्रॉन मिळाल्याचं वाचलं. मग फ्युजन आता हाताशी आलं ना? मला याच क्षेत्रात यायचंय. बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि नोकरीला लाग. काय करू?

उत्तर : न्यूट्रॉन मिळाले म्हणून फ्युजन, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं, हाताशी आलं असं होत नाही. ते न्यूट्रॉन कशामुळे निघाले हे ओळखता येणं, हीच या क्षेत्रातली खरी विद्या. म्हणून आधी तेच सांगते.

ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) वायूतून लाखो अँपिअरचा प्रवाह सोडला की त्या प्रवाहाचंच चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित झालेल्या तप्त वायूला, चहूबाजूंनी आवळतं. यालाच पिंच म्हणतात. पण आवळलेला स्तंभ नीट उभा राहत नाही. कुठे तो नागमोडी वळतो, कुठे डमरूच्या मध्यासारखा बारीक होतो. त्या बारीक जागी क्षणभर प्रचंड विद्युत क्षेत्र तयार होतं, काही ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमची केंद्रकं) एकाच दिशेने सुसाट सुटतात आणि समोरच्या ड्यूटेरॉनांवर आदळतात. न्यूट्रॉन निघतात खरे, पण प्लाझ्मा तापल्यामुळे नव्हे. अशा झोतावर वीजकेंद्र चालत नाही, कारण झोताची बहुतेक ऊर्जा टकरींत नुसती विखरून जाते.

इंग्लंडमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या ‘झीटा’ या पिंच यंत्राबाबत हेच घडलं. जानेवारी 1958 मध्ये मोठी घोषणा झाली. हार्वेलचे संचालक जॉन कॉक्रॉफ्ट यांनी न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मातल्या फ्युजनचेच असल्याची आपली 90 टक्के खात्री असल्याचं पत्रकारांना सांगितलं. मग हार्वेलच्याच बेसिल रोझ यांनी न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली. प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने ती वेगवेगळी भरली. तापलेल्या प्लाझ्मातून ती सगळीकडे सारखीच यायला हवी होती. मे महिन्यात दावा मागे घेतला गेला. मला रोझ यांचं ते मोजमाप घोषणेपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

वॉशिंग्टन विद्यापीठात उरी शुमलाक यांच्या गटाने प्लाझ्माच्या थरांना वेगवेगळा वेग देऊन स्तंभ स्थिर ठेवला. 2019 मध्ये त्यांनी सुमारे 5 मायक्रोसेकंद न्यूट्रॉन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांनाही हेच तपासावं लागलं.

हे मोजतात कसं? 10 मीटरवर सिंटिलेटर, म्हणजे किरण किंवा कण आदळला की चमकणारा डिटेक्टर, ठेवायचा. त्याच क्षणी निघालेले क्ष-किरण 33 नॅनोसेकंदांत पोहोचतात, 2.45 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा न्यूट्रॉन साधारण 460 नॅनोसेकंदांत. ऑसिलोस्कोपवर दोन उंचवटे दिसतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून ऊर्जा काढता येते.

आता तुझं. भारतात फ्युजनचं मोठं काम टोकामॅकवर, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कड्याच्या आकारात कोंडणाऱ्या यंत्रावर, आहे. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये ‘आदित्य’ आणि ‘एसएसटी-1’ ही यंत्रं आहेत, शिवाय फ्रान्समधल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पातही आपण भागीदार आहोत. पिंचच्या कुळातल्या प्लाझ्मा फोकस या यंत्रावर भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) काम केलंय, तेही मुख्यतः न्यूट्रॉनचा छोटा स्रोत म्हणून. तेव्हा फक्त पिंचचाच हट्ट धरू नकोस. डिटेक्टर, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आणि हाय व्होल्टेज कपॅसिटर बँक या तिन्हींवर हात बसव. अ‍ॅक्सिलरेटरपासून मेडिकल फिजिक्सपर्यंत हे कौशल्य चालतं.

बाबांची काळजी रास्त आहे आणि फ्युजन कधी येईल याची तारीख मी त्यांना देणार नाही. होमी भाभांनी 1955 मध्ये जिनिव्हाला दोन दशकांचं भाकीत केलं होतं, ती केव्हाच उलटली. त्यांना एवढंच सांग : एम.एस्सी.नंतरही बी.एड. करता येतं. आणि पीएच.डी. म्हणजे घरच्यांवर भार असंही नाही, केंद्राची कनिष्ठ संशोधक फेलोशिप 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट किंवा गेट या परीक्षा. जॅम फेब्रुवारीत असते, म्हणून विद्युतचुंबकत्व या सुट्टीतच पक्कं कर. आणि कॉलेजच्या लॅबमधला जीएम (गायगर-म्युलर) काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, मागून घे. एकाच स्रोताची मोजणी पुन्हापुन्हा कर, आकडे दर वेळी का बदलतात ते सरांसमोर मांड.