मशीनची फळी आतून कुजली तर

प्रश्न : आमची फायबरची होडी वीस वर्षांची आहे. मशीनला वेग दिला की ते बसवलेली मागची फळी हलते, बोल्टच्या भोकांतून काळं पाणी गळतं. भोकं पाडून आत इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) ओतली तर भागेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही भागणार. या फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही, भोकाभोवती गोळा होऊन बसते आणि कूज पुढे सरकतच राहते.

मशीन उतरवून फळी हातोडीने हलकेच ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे आतल्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडा. भुसा फिका, कोरडा निघाला तर ठीक. काळा, ओला निघाला तर कापायलाच हवं. तेही आतूनच. बाहेरचा फायबर राखला तर आकार टिकतो, तरी बाहेरून सरळ वासे बांधून घ्या. ग्राइंडरने कडेला ५० मिमी सोडून आतला थर कापा, प्लाय छिन्नीने खरवडा, फायबर पूर्ण सुकू द्या. मग ४० नंबरच्या पेपरने घासून अ‍ॅसिटोनने पुसा. मास्कशिवाय ग्राइंडर चालवू नका.

नवा प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लायच. जुनी जाडी मोजा. साधारण १८ मिमीचे दोन थर लागतात. दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा पातळ इपॉक्सीने भिजवा. ती चिकट असतानाच सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकी घट्ट केलेली इपॉक्सी पसरा. क्लॅम्प कडेने माल जरा डोकावेपर्यंतच आवळा. जास्त आवळलं की माल निघून जातो, सांधा कोरडा पडतो. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. कोकणच्या उकाड्यात डब्यात ठेवलेली इपॉक्सी तापून धूर सोडते.

कोपरे गोलसर भरून वर विणलेल्या काचकापडाचे तीन थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ५० मिमी पुढे. साधी मॅट (सुट्या काचतंतूंची चटई) नको : तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही.

खरी मेख बोल्टच्या भोकांत आहे. कूज तिथूनच शिरली. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी २० मिमीचं भोक पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध १३ मिमीचं पाडा. पाणी काढायचं बूच बसतं त्या भोकालाही हेच करा. आणि होडी किनाऱ्यावर असताना नाळ (पुढचं टोक) उंच, बूच काढलेलं ठेवा. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं पावसाचं पाणी लाकूड लवकर कुजवतं.

प्रश्न : वरून जेलकोट (फायबरच्या होडीचा बाहेरचा चकचकीत थर) मारला तर?
– तेच वाचक

उत्तर : इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने घासून धुवा, मगच पेपर मारा. त्यावर प्रायमर आणि दोन भागांचा पॉलीयुरेथेन रंग द्या.